पडद्यावरची मेट्रो, रस्त्यावरचा प्रवासी

आपल्या शहरात मेट्रो नाही. मेट्रोविषयी बोलणारा माणूस मात्र प्रत्येक घरात आहे. २०२२ मध्ये महामेट्रोने शहराच्या वाहतुकीचा आराखडा मांडला. शेंद्रा ते वाळूज असा एक आणि रेल्वे स्टेशन ते हर्सूल असा दुसरा मार्ग वर्तमानपत्रांच्या नकाशांवर उमटला. तेव्हापासून चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे या दोन रेघांची चर्चा होत आली आहे. नकाशे आले, सादरीकरणे झाली. रूळ काही आले नाहीत.

पण मोठ्यांच्या हाती जे लागत नाही, ते मुले खेळात करून टाकतात. शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलांचा एक वर्ग असा आहे की, ज्याला संगणकावर आगगाडी चालवण्याचे वेड लागलेले आहे. या खेळांना सिम्युलेटर म्हणतात. माझा नातू आणि त्याचे दोन मित्र याच पंथातले. मारामारी नाही, गोळीबार नाही, शर्यतही नाही. गाडी वेळेवर सोडायची, सिग्नल पाळायचा आणि पुढच्या स्थानकात फलाटावरच्या खुणेला नेमकी उभी करायची, एवढाच खेळ. ज्या पिढीला आपण ऊठसूट अधीर म्हणतो, तिच्यातली काही मुले स्वखुशीने वेळापत्रक पाळण्याचा खेळ खेळतात, हे पाहून मला मोठी गंमत वाटली.

हा प्रकार नवा नाही. जपानमध्ये १९९६ साली ‘देन्शा दे गो’ नावाचा खेळ निघाला. गाडी किती सेकंद उशिरा पोचली आणि खुणेच्या किती पुढे-मागे थांबली, यावर त्यात गुण मिळत. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला ट्रेन सिम्युलेटर आणला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून ‘ट्रेन्झ’ आला. या खेळांनी मार्ग बांधण्याची साधनेही खेळणाऱ्याच्याच हाती दिली. डोंगर उचला, रूळ टाका, स्थानक उभारा, सिग्नल लावा. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक आपापल्या गावचे मार्ग बांधत आले आहेत आणि ज्यांना बांधता येत नाही, ते ‘आमच्या शहराची मेट्रो घ्या’ असे प्रस्ताव पाठवत आले आहेत. खऱ्या मेट्रोचे चालकसुद्धा प्रत्यक्ष गाडी हाती येण्याआधी अशाच, अर्थात फार मोठ्या आणि महागड्या, सिम्युलेटरवर तालीम घेतात. तेव्हा हा खेळ अगदीच पोरखेळ नव्हे.

आमच्या या त्रिकुटाने छत्रपती संभाजीनगरच्या मेट्रोचा असाच एक प्रस्ताव तयार केला. तीन रंगांच्या तीन रेघा, त्यावर टिंबे आणि टिंबांना नावे. तो माझ्यापुढे आला याचे कारण माझ्या कादंबऱ्या नव्हेत. बँकेत असताना मी कर्जप्रस्ताव तपासत असे, हे त्यांना ठाऊक होते. ‘आजोबा, तुम्ही याला मंजुरी द्याल का?’ असा सरळ प्रश्न होता.

कोणताही प्रकल्प अहवाल हाती आला की बँकेचा माणूस आधी रंगीत पाने उलटून टाकतो आणि तीन गोष्टी शोधतो: हे कोण वापरणार, केव्हा वापरणार आणि त्याचे किती पैसे देणार? मुलांच्या अहवालात स्थानकांच्या छपरांचे रंग होते, गाडीचा भोंगा होता, विमानतळ, मोठी दुकाने आणि बीबी का मकबरा ही स्थानकेही होती. गाडीत बसणारा माणूस तेवढा नव्हता. मग आम्ही सुट्टीतले चार दिवस त्या माणसाला शोधण्यात घालवले. त्या शोधात जे हाती लागले, ते केवळ खेळापुरते नाही असे मला वाटते, म्हणून हा लेख.

पहिला वाद झाला तो स्थानकांवरून. मुलांनी जालना रोडवर प्रत्येक चौकाला स्थानक दिले होते. बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी आणि त्यांच्या मधली आणखी कितीतरी. कोणीच नाराज होऊ नये हा उद्देश. पण सिम्युलेटर हा मोठा प्रामाणिक गुरू आहे. तो कोणाचीही भीड ठेवत नाही.

हिशोब साधा आहे. समजा, गाडीचा कमाल वेग ताशी ८० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. उभ्या प्रवाशाचा तोल जाऊ नये म्हणून गाडी दर सेकंदाला साधारण एक मीटर इतकाच वेग वाढवते आणि तशीच कमी करते. म्हणजे वेग घ्यायला २२ सेकंद आणि थांबायला २२ सेकंद. दोन्हींत मिळून सुमारे ५०० मीटर जातात. स्थानकात थांबण्याची ३० सेकंद धरली, तर एक किलोमीटर अंतरावर स्थानके असताना गाडीची सरासरी ताशी ३७ किलोमीटर पडते. तीच स्थानके अर्ध्या किलोमीटरवर आणली की सरासरी २४ वर येते. म्हणजे सायकलवाल्यापेक्षा थोडी बरी. स्थानके दोन किलोमीटरवर नेली तर सरासरी ५० पर्यंत चढते. पण मग मधल्या माणसाला एक किलोमीटर चालत यावे लागते. आपल्या उन्हात, एप्रिल-मे महिन्यांत. प्रत्येक टिंब कोणाच्या तरी सोयीचे आणि कोणाच्या तरी उशिराचे असते, ही गोष्ट मुलांना भाषणाने पटली नसती. पडद्यावरच्या घड्याळाने पटवली. त्यांनी स्वतःच्या हाताने नऊ स्थानके पुसली.

आता वाळूज ते शेंद्रा हा मार्ग पाहू. शहराच्या पश्चिमेला वाळूजची औद्योगिक वसाहत, पूर्वेला चिकलठाणा आणि शेंद्रा आणि मध्ये सगळे शहर. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांचे असलेले हे गाव रोज सकाळी एकाच रस्त्यावर उतरते. अंतर मोटामोटी २८ किलोमीटर धरले आणि ताशी ३५ ची सरासरी ठेवली, तर प्रवास ४८ मिनिटांचा. नागपूर-पुण्यासारखी तीन डब्यांची गाडी साडेनऊशेच्या आसपास माणसे नेते. दर दहा मिनिटांनी गाडी सोडली तर तासाला एका दिशेने पावणेसहा हजार माणसे जाऊ शकतात. एवढी माणसे बसने न्यायची तर तासाला शंभरावर बसगाड्या लागतील. तेव्हा गर्दी खरोखर एवढी असेल, तर मेट्रोची मागणी रास्तच आहे. गर्दी हजाराची असेल, तर अठरा-वीस बसगाड्यांत काम भागते आणि खांब उभारण्याचे कारण उरत नाही. दोन्हींच्या मधला आकडा मोजल्याशिवाय कळत नाही. नुसती रेघ काढून तो सापडत नसतो.

रेघ काढतानाच्या अडचणीही खेळाने दाखवल्या. जालना रोडवर आधीच उड्डाणपूल आहेत. मेट्रो त्यांच्यावरून न्यायची तर चढ द्यावा लागतो. शंभर मीटरला चार मीटर असा तीव्र चढ दिला, तरी दहा मीटर उंची गाठायला अडीचशे मीटर लागतात. म्हणजे चौकातले स्थानक पुढे सरकते. नागपूरला वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल करून खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी जोडणी केली आहे. पण तो विचार पूल बांधण्याआधीच करावा लागतो. चिकलठाण्याला विमानतळालगत उंचीची बंधने आहेत. छावणीत लष्कराची जमीन आहे. पडद्यावर मुलांनी हे सगळे एका बोटाने ओलांडले. आराखडा करणाऱ्यांना मात्र त्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी एकेक फाईल उघडावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र मार्गाचा नव्हता, घड्याळाचा होता. मुलांनी वेळापत्रक ठेवले होते सकाळी सहा ते रात्री दहा. मी विचारले, ‘सकाळच्या पाळीचा कामगार तुमच्या गाडीने जाईल का?’ आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांत पाळ्या साधारण सात, तीन आणि अकरा अशा बदलतात. हिशोब करून पाहिला. शेंद्र्याहून सहाला सुटलेली पहिली गाडी वाळूजला सहा अठ्ठेचाळीसला पोचते. स्थानकापासून कारखान्याच्या दारापर्यंत वीस मिनिटे धरली, तर चिकलठाण्याचा किंवा मुकुंदवाडीचा कामगार सात वाजून आठ मिनिटांनी दारात उभा. आठ मिनिटांचा उशीर म्हणजे रोजचा खाडा किंवा रोजची बोलणी. तो कशाला मेट्रोने येईल? तो आपली मोटारसायकलच काढील, नाहीतर कंपनीची बस धरील.

रात्रीचे तर याहून वाईट. अकराला पाळी सुटते. हातपाय धुऊन, दारावरची तपासणी देऊन, स्थानकापर्यंत चालत यायला साडेअकरा. तोवर खेळातली मेट्रो झोपलेली. ‘पण आजोबा, गेममध्ये रात्रपाळी कशाला?’ असे एकाने विचारले. मी म्हटले, ‘बाबा रे, वाळूजमध्ये आहे म्हणून.’

इथे मुलांची चूक फारशी नाही. मेट्रो रात्री बंद ठेवण्याला कारण असते. रूळ, वीजवाहिनी, सिग्नल यांची तपासणी आणि डागडुजी त्या चार-पाच तासांतच करावी लागते. म्हणून बहुतेक शहरांत मेट्रो पहाटे साडेपाच-सहाला सुरू होते आणि रात्री अकराच्या सुमारास थांबते. त्या शहरांना ते चालते, कारण तिथला बराचसा प्रवासी कार्यालयांत जाणारा असतो. आपले शहर कारखान्यांच्या भोंग्यावर चालते. मुलांनी मग पहिली गाडी पाच वाजून दहा मिनिटांवर आणली आणि वाळूजहून शेवटची पावणेबाराला ठेवली. डागडुजीला चार तास उरले. एवढ्या एका दुरुस्तीने तो प्रस्ताव दुसऱ्या कोणत्याही शहराचा न राहता आपल्या शहराचा झाला. वेळापत्रक ही कोरडी गोष्ट वाटते; पण शहर कोणाला आपले मानते, हे त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीवरून ओळखावे.

दुसरी रेघ उत्तर-दक्षिण. रेल्वे स्टेशनपासून हर्सूलपर्यंत. मुलांनी ती सरळ पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक अशी जुन्या शहरातून नेली होती, तीही जमिनीखालून. पुण्याला जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली ३३ मीटरवर आहे, तर आपल्याकडे का नाही, असा त्यांचा सवाल. तंत्र म्हणून अशक्य काहीच नाही. आपल्याखाली काळा बसाल्ट आहे आणि मुंबईत असाच खडक फोडून आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो २०२५ मध्ये पूर्ण झाली. पण तिचा खर्च ३७ हजार कोटींवर गेला. म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींहून अधिक. नागपूरच्या पहिल्या टप्प्यातली, बहुतांशी खांबांवरची मेट्रो किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या आसपास मंजूर झाली होती. दोन शहरे आणि दोन काळ यांतला फरक सोडला, तरी जमिनीखाली जाण्याची किंमत काय असते याचा अंदाज येतो.

आणि आपल्या जमिनीखाली नुसता खडक नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि उत्तरेच्या डोंगरांकडून भुयारी नहरीने शहरात पाणी आणले. चारशे वर्षांपूर्वी पंपाविना, केवळ उताराच्या हिशोबावर पाणी खेळवणारा तो माणूस आजच्या भाषेत पायाभूत सुविधांचा नियोजनकारच होता. त्याने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. बावन्न दरवाजांच्या या गावात उरलेले दरवाजे आणि नहरीचे अवशेष यांच्याखालून भुयार काढायचे की नाही, याचे उत्तर खेळात एका क्लिकवर मिळते; प्रत्यक्षात ते तितके स्वस्त नाही.

तेव्हा आम्ही रेघ वळवली. स्टेशनवरून महावीर चौक, मध्यवर्ती बसस्थानक, तिथून घाटी रुग्णालय आणि मग दिल्ली गेटच्या अंगाने हर्सूल. मुलांच्या मूळ नकाशात घाटी नव्हतेच. परभणी, जालना, बीड, हिंगोलीकडून आलेला रुग्ण, त्याच्या हातात जुन्या कागदांची पिशवी, सोबत कावरीबावरी झालेली म्हातारी. हा माणूस स्टेशनवर किंवा बसस्थानकावर उतरतो आणि रिक्षावाल्याशी भाव करत उभा राहतो. शहराच्या मेट्रोवर त्याचा पहिला हक्क नाही का? घाटी हे स्थानक घातल्यावर त्याला उद्वाहक, सरकता जिना आणि चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढे रुंद दार द्यावे लागले. पडद्यावर ती खुर्ची हलताना दिसत नाही. पण मुलांना आता ती दिसू लागली होती.

तिसरी रेघ मुलांनी सातारा-देवळाईसाठी नवी काढली होती. तिथे मी त्यांना एक जुनीच रेघ दाखवली. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाडहून मीटरगेज रेल्वे आपल्या गावी आली. नव्वदीच्या दशकात तिचे ब्रॉडगेज झाले, अलीकडे वर विजेच्या ताराही आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्थानकाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. याच रुळांवर दौलताबाद, मुख्य स्टेशन, मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि करमाड अशी स्थानके एका ओळीत उभी आहेत. शहराच्या दक्षिण अंगाने, पूर्व-पश्चिम. म्हणजे मेट्रोची अर्धी रेघ सव्वाशे वर्षांपूर्वीच काढून झालेली आहे! तिच्यावर सकाळ-संध्याकाळ छोट्या गाड्या का धावू नयेत?

उत्तर पुन्हा सिम्युलेटरनेच दिले. मुलांनी एकेरी मार्गावर दोन्ही दिशांनी गाड्या सोडल्या आणि तिसऱ्याच गाडीला सगळे अडकून पडले. एक गाडी बाजूच्या रुळावर उभी, दुसरी येण्याची वाट पाहते. लासूर किंवा पोटूळला क्रॉसिंगसाठी तासभर खोळंबलेल्या आपल्यासारख्या वाचकांना हे सांगायला नको. मुलांना मात्र ‘दुहेरीकरण’ या बातमीतल्या रुक्ष शब्दाचा अर्थ त्या दिवशी कळला. नव्या मेट्रोसाठी जेवढा आवाज आपण करतो, त्याच्या अर्धा जरी या दुहेरीकरणासाठी केला, तर सगळ्या मराठवाड्याचे भले होईल.

आता कोणी म्हणेल, खेळातल्या मेट्रोवर एवढा खल कशाला? कारण खऱ्या मेट्रोचे नियमही हेच विचारतात. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात म्हटले आहे की, प्रस्ताव देण्याआधी शहराच्या सगळ्या वाहतुकीचा आराखडा करा, बस आणि इतर पर्याय तपासून पाहा आणि वाचलेला वेळ, वाचलेले इंधन हे सगळे धरून समाजाला वर्षाला निदान १४ टक्के आर्थिक परतावा मिळतो, हे दाखवा. नाशिकचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तिथे रबरी चाकांच्या स्वस्त ‘मेट्रो निओ’साठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, नाशिककर अजून तिच्यात बसलेले नाहीत. दरम्यान माणसे कामाला जायची थांबलेली नाहीत. आपल्याकडे २०१९ मध्ये स्मार्ट सिटीच्या बस सुरू झाल्या, तेव्हा कितीतरी विद्यार्थिनींची आणि कामगारांची सोय झाली. त्या बसची संख्या आणि वेळ वाढावी म्हणून मात्र आपण क्वचितच बोलतो. मेट्रोची स्वप्ने पाहायला हरकत नाही. पण स्वप्नापायी आजची बस चुकू नये.

मुलांच्या प्रस्तावाला मी मंजुरी दिली का? बँकेच्या भाषेत सांगायचे तर अटींसह दिली. तीन अटी: स्थानकांची नावे घालण्याआधी तिथे उतरणाऱ्यांची नावे घाला, म्हणजे कामगार, रुग्ण, विद्यार्थी, भाजीवाली. प्रत्येक मेट्रो स्थानकाला बसचा थांबा जोडा, नाहीतर वाळूजच्या आतल्या दोन-तीन किलोमीटरांसाठी माणूस पुन्हा स्वतःच्या गाडीवरच बसेल. आणि जिथे रूळ आधीच आहेत, तिथे नवी रेघ काढू नका. त्यांनी तिन्ही मान्य केल्या आणि प्रस्ताव नव्याने लिहायला घेतला.

ज्यांच्या घरी असा खेळ खेळणारी मुले आहेत, त्यांनी त्यांना एकदा शहराचा नकाशा देऊन पाहावा. सोबत एखाद्या सकाळी खऱ्या बसने टोकापासून टोकापर्यंत फिरवून आणावे. कोण कुठे चढते, कुठे उतरते, कोण उभे राहते, हे वहीत टिपायला सांगावे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नाही.

आणि आपण मोठ्यांनी एक करावे. यापुढे कोणी आपल्यापुढे मेट्रोचा रंगीत नकाशा पसरला, की स्थानक आपल्या दारापासून किती लांब आहे, हे आधी विचारू नये. आधी विचारावे, ‘पहिली गाडी किती वाजता आणि शेवटची किती वाजता?’ त्या उत्तरात वाळूजच्या रात्रपाळीचा माणूस बसत असेल, तर ती रेघ आपल्या शहराची आहे, असे खुशाल समजावे.